ताजे आर्टिचोक: नक्की खायचं काय आणि टाकायचं काय?

अर्धवट_आचारी

मंडळी वाचवा. आजपर्यंत आर्टिचोक म्हणजे बरणीतले तेलात बुडवलेले मऊ तुकडे, पिझ्झावर असतात ते, एवढंच माझं ज्ञान होतं. परवा पहिल्यांदा ताजे दिसले, घट्ट मिटलेल्या कमळाच्या कळीसारखे हिरवेगार, मोहात पडलो आणि चार घेऊन आलो.

पहिला उभा चिरला आणि फोनवर रेसिपी शोधत बसलो, तेवढ्यात कापलेली बाजू तपकिरी व्हायला लागली. तसाच अॅल्युमिनियमच्या पातेल्यात पंधरा मिनिटं उकळला तर एकदम राखाडी, मळक्या फडक्यासारखा. तरी म्हटलं चव बघू, एक अख्खं पान तोंडात टाकलं आणि चावत बसलो, चावत बसलो, सुतळी चावल्यासारखं, शेवटी थुंकलं. मग मधला मऊ दिसणारा भाग चमच्याने खाल्ला तर तो सगळा केसांचा पुंजका निघाला आणि घशात जे टोचलंय ते विचारू नका. नावातच चोक आहे म्हटल्यावर आपण सावध राहायला हवं होतं म्हणा.

दुसरा न कापता स्टीमरमध्ये ठेवला आणि फोन आला, बोलत बसलो, खालचं पाणी आटलं, पातेलं करपलं, घरभर वास. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आता दोन उरलेत आणि शनिवारी तिघंजण जेवायला येणार आहेत, म्हणजे मी धरून चौघं, अजून दोन आणावे लागतील. घेताना काय बघायचं, साफ कसे करायचे, किती वेळ शिजवायचे, ते केस कधी काढायचे आणि मुख्य म्हणजे पानात वाढायचे कसे आणि खायचे कसे? पाहुण्यांसमोर थुंकायची वेळ आणू नका.

---

काटेरी_बाग

हसू आवरत नाहीये, सॉरी. माझ्या वाफ्यात दोन झाडं आहेत म्हणून लिहितेय, आधी ही भानगड काय आहे ते समजून घ्या, मग सगळं सोपं आहे.

तुम्ही जे घेतलंत ती न उमललेली फुलाची कळी आहे. सूर्यफुलाच्याच कुळातलं झाड, पण काटेरी. ज्याला तुम्ही पानं म्हणताय ती कळीची राखण करणारी जाड खवल्यांसारखी पानं असतात, एकावर एक चढवलेली. मधले ते केस म्हणजे अजून जन्माला न आलेली फुलं! कळी काढलीच नाही तर तेच केस जांभळा झुबका होऊन बाहेर येतात, फार सुंदर दिसतं, पण मग खायला काही उरत नाही. आणि केसांच्या खाली जी वाटीसारखी बैठक असते, जिच्यावर हे सगळं उभं असतं, तो गाभा. तोच हार्ट. सगळी खटपट त्या वाटीसाठी.

तर खायचं काय: प्रत्येक पानाच्या बुडाशी जेवढा मऊ गर असतो तेवढाच, आतल्या आतली फिकट कोवळी पानं जवळपास अख्खी, गाभा पूर्ण, आणि देठाचा आतला भाग. टाकायचं काय: पानांचा वरचा चिवट भाग, केस, देठाची साल. देठ बहुतेक लोक कापून फेकतात आणि मला वाईट वाटतं, कारण देठ म्हणजे गाभ्याचीच पुढे आलेली शेपटी. देठ आडवा कापून बघा, मधे फिकट गोल दिसेल आणि भोवती गडद हिरवी कड. कडेचं सगळं सोलून टाका, फिकट गोल ठेवा, चव गाभ्यासारखीच.

नावाचं म्हणाल तर त्याचा घशाशी संबंध नाही हो. मूळ अरबी अल-खरशूफ, ते स्पेन-इटलीतून फिरत फिरत इंग्रजीत पोचेपर्यंत शेवटी चोक होऊन बसलं. पण तुमचा अनुभव पाहता इंग्रजांचं अगदीच चुकलं नाही.

घेताना: हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. पानं घट्ट मिटलेली हवीत, फाकलेली असतील तर कळी जून झाली, आत केस वाढलेले असणार. दोन हातांत धरून कानाशी दाबा, ताजा असेल तर करकर वाजतो. हलका, गपगार आणि रबरासारखा असेल तर ठेवून द्या. देठाचा कापलेला भाग फार काळा सुकलेला नको. बाहेरच्या पानांवर तपकिरी चट्टे असतील तर लगेच नाक मुरडू नका, थंडीचा कडाका लागला की साल अशी भाजल्यासारखी होते, आतून चांगला असतो. पण पानांची टोकं सुकून चिरली असतील तर तो म्हातारपणा.

उरलेले दोन अजिबात धुऊ नका आता. देठाच्या टोकावर थोडं पाणी शिंपडा, पिशवीत बांधून फ्रीजमध्ये ठेवा, शनिवारपर्यंत टिकतील.

---

मंद_आच

ताईंनी शरीरशास्त्र सांगितलं, मी कापाकापी सांगतो.

पहिली गोष्ट, अॅल्युमिनियम आणि लोखंड लांब ठेवा. सुरी स्टीलची, पातेलं स्टीलचं. कापलेला आर्टिचोक हवा लागली की सफरचंदासारखा काळा पडतो, त्याहून लवकरच, आणि त्यात असलं भांडं मिळालं की तुमच्या मळक्या फडक्याचा रंग येतो.

आधी एका मोठ्या वाडग्यात पाणी घेऊन त्यात एक लिंबू पिळा, सालंही त्यातच टाका. अर्धं लिंबू हाताशी ठेवा. मग आर्टिचोक नळाखाली पानं जरा फाकवून धुवा, आत माती असते. देठाजवळची लहान वाळकी पानं हाताने खाली ओढून मोडा. आता आडवा धरून वरचा साधारण एक तृतीयांश भाग उडवा, ब्रेड कापायची दाते असलेली सुरी सगळ्यात छान, साध्या सुरीने घसरतं आणि बोट जातं, स्वानुभव. राहिलेल्या पानांची टोकं कात्रीने कातरा, तिथे काटा असतो. काही जातींना काटा नसतोच, पण कातरल्यावर दिसायलाही बरं दिसतं. देठ सोला. जिथे जिथे कापलं तिथे लगेच लिंबू चोळा आणि वाडग्यात सोडा, वर एखादी ताटली दाबून ठेवा कारण हे तरंगतात.

शिजवायचं तर वाफेवर. उकळला की पानांमधे पाणी शिरतं आणि ताटात पानं ओढताना ते कोमट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत येतं, मजा जाते. स्टीमरची जाळी, खाली दोन-तीन सेंटिमीटर पाणी, आर्टिचोक उलटा म्हणजे देठ वर, झाकण घट्ट. मध्यम आकाराला तीस ते चाळीस मिनिटं, दोन्ही मुठींएवढा असेल तर पन्नास पण लागतात. पंधरा मिनिटांनी पाणी बघा (हे कोणासाठी लिहिलंय ते कळलं असेलच).

घड्याळावर मात्र जाऊ नका. मधल्या ओळीतलं एक पान ओढा, काहीही जोर न लावता सुटून हातात आलं आणि सुरीचं टोक देठाच्या बुडात लोण्यासारखं गेलं की झाला. पान खेचावं लागतंय म्हणजे अजून दहा मिनिटं. तुमचा पहिला पंधरा मिनिटांचा होता, तो जन्मात मऊ होणार नव्हता. कच्चा आर्टिचोक हीच नव्वद टक्के लोकांची तक्रार असते असं माझं मत, लोक घाबरून लवकर काढतात. जरा जास्त शिजला तर काही बिघडत नाही, कमी शिजला तर सगळं बिघडतं.

घाई असेल तर प्रेशर कुकर, जाळीवर ठेवून पूर्ण प्रेशर आल्यावर आठ-दहा मिनिटं. पण कुकरमध्ये मधेच पान ओढून बघता येत नाही, म्हणून पाहुणे असताना मी ते करत नाही. एकट्यासाठी एकच असेल तर झाकलेल्या काचेच्या भांड्यात थोडं पाणी घालून मायक्रोवेव्हला सात-आठ मिनिटं आणि पाच मिनिटं तसाच राहू द्या, तेही चालतं.

---

चिकित्सक_चमचा

लिंबाबद्दल थोडं बोलू का? सगळे लिंबू लिंबू करतात आणि अर्धा तास बुडवून ठेवतात, मग शेवटी आंबट पाण्याशिवाय कसलीच चव लागत नाही. काळं पडतं ते कापलेल्या पेशींमधल्या एन्झाइममुळे, आंबटपणाने ते मंदावतं, इथपर्यंत बरोबर. पण शिजायला लागला की उष्णतेने ते एन्झाइम मरतंच. म्हणजे लिंबू लागतं फक्त कापल्यापासून गॅसवर जाईपर्यंत. शिजवायच्या पाण्यात पण लिंबू घालणारे लोक आहेत, त्यांनी हे लक्षात घ्या की हिरवा रंग आंबटात शिजला की खाकी होतो. काळा नको म्हणून खाकी करून घेताय.

अख्खा वाफवणार असाल तर मी म्हणेन वाडगा पण नको, नुसतं कापलेल्या जागी लिंबू फिरवा आणि सरळ स्टीमरमध्ये टाका.

---

मंद_आच

@चिकित्सक_चमचा अख्ख्याला मान्य. पण चौघांचे चार साफ करायचे म्हणजे नवशिक्या माणसाला अर्धा तास लागणार, तोवर पहिला बाहेर ठेवून काय त्याची तेरावी करायची? म्हणून वाडगा. आणि नुसते गाभे कोरायचे असतील तेव्हा तर वाडग्याशिवाय पर्यायच नाही, तिथे सगळीकडूनच कापलेलं असतं. शिजवायच्या पाण्यात मीही घालत नाही, लसणाची एक ठेचलेली पाकळी आणि तमालपत्र टाकतो, वास छान येतो, बाकी काही फरक पडतो अशातला भाग नाही.

---

अर्धवट_आचारी

वा, वा, आता जरा चित्र स्पष्ट होतंय. दोन प्रश्न राहिले. ते केस आधी कोरायचे की नंतर? आणि पाहुणे आल्यावर मी पन्नास मिनिटं स्टीमरशेजारी उभा राहायचं का, आधी करून ठेवता येतात का?

---

निवांत_जेवण

केस नंतर! कच्च्यात ते गाभ्याला चिकटून बसलेले असतात, चमचा वाकतो पण ते हलत नाहीत. आत काही सारण भरायचं असेल तरच आधी कोरा. शिजल्यावर मधली पातळ जांभळट पानं चिमटीत धरून टोपीसारखी एकदम उपटायची, खाली केस दिसतात, चमच्याच्या कडेने खरवडले की गालिचा गुंडाळावा तसे निघून येतात. गाभा खरवडू नका, फक्त केस. खाली बारीक खड्डे खड्डे असलेली गुळगुळीत वाटी दिसली की थांबा.

आणि पाहुण्यांसाठी माझं ऐका, हे काम स्वयंपाकघरातच उरकून द्या. पहिल्यांदा खाणाऱ्याला ताटात केसांचा पुंजका दिसला की तो पुढे खात नाही. केस काढलेली पोकळी मग डिपची वाटी म्हणून वापरा, दिसतंही सुरेख.

आधी करून ठेवायचं तर बिनधास्त. सकाळी वाफवा, उलटे ठेवून निथळवा, गार झाल्यावर झाकून फ्रीजमध्ये. जेवायच्या तासभर आधी बाहेर काढा, गार आर्टिचोकला व्हिनेग्रेट फार छान लागतं: तीन भाग ऑलिव्ह तेल, एक भाग व्हिनेगर, चमचाभर मोहरीची पेस्ट, मीठ, मिरी, बाटलीत घालून खळखळा. गरम वाढायचे असतील तर परत पाच-सात मिनिटं वाफ द्या आणि वितळलेल्या लोण्यात लिंबू पिळून द्या. लसूण घातलेलं मेयोनेज दोन्हीला चालतं. मी दोन प्रकार ठेवते, आंबट एक आणि स्निग्ध एक, लोक आलटून पालटून बुडवतात.

खायची पद्धत तुम्हीच आधी करून दाखवा, भाषण नको. बाहेरचं एक पान ओढा, जाड बूड डिपमध्ये बुडवा, आतली बाजू खालच्या दातांवर येईल असं तोंडात धरा आणि हळू बाहेर ओढा, गर दातांना राहतो, पान परत बाहेर. जसजसे आत जाल तसतसा गर वाढत जातो, शेवटी गाभा सुरी-काट्याने. हाताने खायचा प्रकार आहे त्यामुळे हात पुसायला काहीतरी द्या, आणि प्रत्येकाशेजारी एक मोठं रिकामं भांडं ठेवाच. मी पहिल्यांदा छोट्या बशा ठेवल्या होत्या, दहा मिनिटांत पानं टेबलक्लॉथवर. खाण्याआधीपेक्षा खाऊन झाल्यावर ढीग मोठा दिसतो, हे एकच जेवण असं आहे.

आणखी एक, हे पोटभरीचं नाही. पंधरा-वीस मिनिटं गप्पा मारत खायचं, मग खरं जेवण वाढा.

---

खुसखुशीत

सगळे अख्ख्या मोठ्या आर्टिचोकच्या मागे लागलेत, छोट्यांना कोणी विचारतच नाही. अंड्याएवढे मिळतात ना, ते कच्चे किंवा कोवळे नसतात, पूर्ण तयारच असतात, फक्त झाडावर खाली, पानांच्या सावलीत वाढल्यामुळे लहान राहतात. त्यांच्यात केस जवळजवळ नसतातच. बाहेरची हिरवी पानं फिकट पिवळी दिसेपर्यंत मोडत जा, मोडायला जीव होत नाही पण मोडा, कंजूषपणा केला की चिवट लागतो. मग टोक उडवा, अर्धे करा, लिंबात टाका, पुसून ऑलिव्ह तेलात कापलेली बाजू खाली ठेवून लालसर करा, थोडं पाणी, झाकण, दहा-पंधरा मिनिटं. संपलं. अगदी ताजे असतील तर कच्चेच कागदासारखे पातळ चिरून लिंबू, तेल, मीठ आणि वर परमेजान चीजचे पापुद्रे.

आणि रोमचं नाव न घेता हा विषय संपवणं पाप आहे. तिथल्या ज्यू वस्तीतला कार्चोफी अल्ला जूदिया प्रकार म्हणजे अख्खा आर्टिचोक दोनदा तळलेला. पहिल्यांदा मध्यम तेलात मऊ होईपर्यंत, मग बाहेर काढून पानं फुलासारखी उघडायची आणि कडकडीत तेलात परत. शेवंतीसारखा दिसतो, पानं चिप्ससारखी कुरकुरीत, आत गाभा मऊ. दुसरा अल्ला रोमाना, त्यात लसूण, पुदिन्याच्या जातीचा पाला आणि ऑलिव्ह तेल, देठ वर करून पातेल्यात झाकून शिजवतात. तिथली जात बिनकाट्याची आणि मधे केस फारसे नसलेली असते म्हणून अख्खा खाता येतो. आपल्या हाती लागलेला काटेरी केसाळ आर्टिचोक तसाच अख्खा तळून पाहुण्यांना देऊ नका, मी दिलाय, त्या संध्याकाळबद्दल मीही जास्त बोलत नाही.

---

नवखा_पण_हौशी

मधेच विचारतो, माझ्याकडे आल्यासारखे दिसणारे गाठीगाठीचे कंद आलेत, पाकिटावर जेरुसलेम आर्टिचोक लिहिलंय. यालाही हेच सगळं लागू का?

---

काटेरी_बाग

नाही हो, काहीच लागू नाही. ते एका प्रकारच्या सूर्यफुलाचे कंद आहेत, जेरुसलेमशी संबंध नाही आणि आर्टिचोकशी एवढाच की एकाच मोठ्या कुळातले आणि चव थोडी मिळतीजुळती. घासून धुवा आणि बटाट्यासारखे भाजा. पहिल्यांदा थोडेच खा, इन्युलिन नावाचा तंतू दोन्हीत असतो पण या कंदांत भरपूर, पोटात वाद्यवृंद सुरू होतो.

आणि धाग्यात तेलाच्या बरणीचा विषय निघालाच आहे तर सांगते, घरी शिजवलेले गाभे नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवायचे नाहीत. तेलाखाली हवा नसते आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला नेमकं तेच हवं असतं, वास-रंग काही बदलत नाही, कळतही नाही. फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. जास्त दिवस हवे असतील तर लिंबाच्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळून फ्रीझरमध्ये. कच्चे गोठवले तर काळे.

---

अर्धवट_आचारी

रिपोर्ट देतोय. झाले!! चारही झाले. नवीन दोन आणताना कानाशी धरून दाबत होतो, शेजारचा माणूस बघत राहिला, पण करकर वाजले खरे. साफ करायला पाऊण तास लागला, एकदा लिंबू चोळल्यावर त्याच हाताने ओठ पुसला तर कडूजहर, हा कडूपणा हाताला किती चिकटतो हे कोणी सांगितलं नव्हतं. सकाळीच वाफवून ठेवले, पंचेचाळीस मिनिटं, पाणी दोनदा बघितलं. पान ओढलं तर अलगद हातात आलं, इतका आनंद बरेच दिवसांत झाला नव्हता. रंग हिरवट खाकी आला पण काळा नाही. एकाचा गाभा केस काढताना मी अर्धा खरवडून टाकला, तो मी स्वतःला वाढून घेतला.

तिघांनी शेवटपर्यंत खाल्ले, देठ आधी संपले. रिकाम्या भांड्यांबद्दल विशेष आभार.

फक्त एक गंमत झाली. गाभा खाऊन झाल्यावर एकजण पाणी प्यायला आणि म्हणाला पाण्यात साखर का घातलीस? दुसऱ्याला पण किंचित गोड लागलं म्हणे, मला आणि चौथ्याला काहीच नाही. वाइन आणलेली, ती पण त्याला विचित्र गोड लागायला लागली आणि त्याने बाटलीलाच शिव्या घातल्या. अर्धा तास यावर भांडण, आम्ही दोघं त्याला खोटारडा म्हणत होतो.

---

चिकित्सक_चमचा

खोटारडा नाहीये तो, माफी मागा. आर्टिचोकमध्ये सायनारिन असतं, ते आणि त्याच्यासोबतची काही द्रव्यं जिभेवर बसतात आणि त्यानंतर नुसतं पाणी गोड लागतं. चवीवर संशोधन करणाऱ्या लिंडा बार्टोशुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 साली सायन्स या विज्ञान साप्ताहिकात यावरच पेपर लिहिलाय, आर्टिचोकमुळे पाणी गोड लागतं असाच विषय. सगळ्यांना लागत नाही, म्हणून तुमच्यात दोन-दोन फूट पडली. वाइनवाले आर्टिचोकला वैतागतात तेही बरंचसं याचमुळे. पुढच्या वेळी खूप कोरडी पांढरी वाइन ठेवा किंवा सरळ पाणी द्या आणि कोणाला गोड लागतं ते विचारत बसा.

---

अर्धवट_आचारी

अरेरे. त्याला हा धागा पाठवलाय. उत्तर आलं: "बाटलीची माफी कोण मागणार?"